हंगामाआधी विक्रीच्या टीमला बोलायला कसं शिकवायचं : कोकणातल्या लहान व्यवसायांसाठी

कोकणात आंबा, काजू, कोकम विकणाऱ्या आणि हाताखाली पाच ते आठ माणसं असलेल्या व्यावसायिकांसाठी हे लिहिलं आहे. दुकानात दोघं, फोनवर दोघं, पॅकिंगला दोघं-तिघं आणि गाडीवर एक, अशी साधारण टीम असते. यातली निम्मी माणसं हंगामापुरती येतात. विक्रीचं शिक्षण कुणाचंच झालेलं नसतं आणि त्याची गरजही नसते. गरज असते ती सगळ्यांनी एकच भाषा बोलण्याची.

हंगामातल्या बहुतेक तक्रारी कुणी उद्धट बोललं म्हणून येत नाहीत. फोनवरची मुलगी ग्राहकाला 'परवा पोहोचेल' म्हणते. पुण्याची गाडी शनिवारीच सुटते, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. पॅकिंगवाल्याला तिने काय शब्द दिला ते कळलेलं नसतं. तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि ग्राहकाच्या घरी पूजेच्या दिवशी आंबा नसतो. म्हणून या तयारीतला निम्मा वेळ ग्राहकाशी बोलण्यासाठी ठेवा आणि निम्मा आपापसात बोलण्यासाठी. दुसरा निम्मा सगळे गाळतात. टीम तिथेच फुटते.

वेळ कधी धरायची

मकरसंक्रांत झाली की सुरू करा आणि शिमग्याआधी संपवा. शिमग्यात पालखी घरोघरी फिरू लागली की माणसं गावी जातात आणि जायलाच हवीत. परत येतात तोवर पाडव्याच्या पेट्यांसाठी फोन वाजू लागलेले असतात. आठवड्याला एक बैठक, दीड तासाची, अशा सहा बैठका पुरतात. दुपारी अडीच ते चार ही वेळ बरी, कारण दुकानात गिऱ्हाईक कमी असतं. सगळं एका दिवसात उरकू नका. एका दिवसात ऐकलेलं आठवड्यात विरतं. थोडं शिकून सहा दिवस वापरलं आणि पुन्हा बसलं, तरच ते जिभेवर बसतं.

हाताशी काय लागेल

- मागच्या हंगामाची ऑर्डर-वही, बिलबुकं आणि व्हॉट्सॲपवरची संभाषणं
- बदलून दिलेल्या किंवा पैसे परत केलेल्या ऑर्डरची यादी
- दोनशे पानी एक वही, जाड पुठ्ठ्याची
- मोठ्या चौकटींचं भिंतीवरचं कॅलेंडर
- स्पीकर असलेले दोन फोन
- वजनकाटा
- तुम्ही विकता त्या प्रत्येक वस्तूचं एक पाकीट किंवा बाटली, लेबलासकट
- एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा परवान्याचा) चौदा आकडी क्रमांक. ग्राहक विचारतो तेव्हा तो शोधत बसायला लागू नये
- गाड्यांचं वेळापत्रक: कुठल्या वारी, कुठून, किती वाजता, माल कधीपर्यंत द्यायचा

जानेवारीत आंबा हातात नसतो. त्यामुळे मागच्या वर्षीचे फोटो लागतील: कच्चा, रंग धरलेला, खायला तयार, सुरकुतलेला, डाग पडलेला आणि आत साका (पांढुरका, स्पंजासारखा गर) निघालेला. फोटो नसतील तर या हंगामात काढून ठेवा, पुढच्या वर्षी उपयोगी पडतील.

१. आधी मागच्या तक्रारी वाचा

पहिल्या बैठकीत काही शिकवू नका. मागच्या हंगामातल्या चाळीस-पन्नास तक्रारी काढा. प्रत्येक तक्रार एका चिठ्ठीवर, ग्राहकाच्याच शब्दांत लिहा आणि टेबलावर पाच ढीग करा: तारीख, पिकणं, आकार-वजन, पैसे आणि बोलण्याची तऱ्हा. ढीग टीमनेच करायचे.

मग प्रत्येक चिठ्ठीवर एकच प्रश्न विचारा: 'हे ग्राहकाला आधी कुणी सांगू शकलं असतं, आणि कधी?' 'कुणाची चूक?' असं विचारलंत तर पॅकिंगवाला गप्प होईल आणि फोनवाली रडवेली होईल. 'कधी सांगता आलं असतं?' असं विचारलं तर दोघंही बोलायला लागतात. चिठ्ठ्यांवर टीममधल्या कुणाचंही नाव लिहू नका, आडनावाचं आद्याक्षरही नको.

इथे एक खाच आहे. मालक समोर असला की माणसं मालकाला रुचेल तेच बोलतात. म्हणून पहिली चिठ्ठी मालकाने स्वतःच्या चुकीची वाचावी: चुकलेला शब्द, मोडलेलं आश्वासन, रागाने ठेवलेला फोन. मग बाकीच्यांचीही जीभ सुटते.

२. शब्दांची वही करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दोन पूर्ण बैठका गेल्या तरी चालेल. दोनशे पानी वहीत एका पानावर एक शब्द लिहा. खाली आपण त्याचा अर्थ काय धरतो ते, आणि ग्राहक त्याचा काय अर्थ घेतो ते.

'परवा'पासून सुरुवात करा. मराठीत परवा म्हणजे होऊन गेलेला दिवसही आणि येणारा दिवसही. 'परवा पाठवलं' आणि 'परवा पाठवतो' यातला फरक रेंज तुटक असली की ऐकूच येत नाही. म्हणून नियम करा: ग्राहकाशी उद्या, परवा, दोन-चार दिवसांत हे शब्द वापरायचेच नाहीत. वार आणि तारीख एकत्र सांगायची, 'गुरुवार, नऊ एप्रिल' अशी. वार आणि तारीख जुळली नाही तर चूक तिथल्या तिथे पकडली जाते.

'तयार' हा शब्द त्याहून फसवा. बागेत तयार म्हणजे झाडावरून काढण्याजोगा. पुण्यातल्या ग्राहकाच्या लेखी तयार म्हणजे आज जेवणात रस. दोघांमध्ये आठवडा-दहा दिवसांचं अंतर आहे. 'चौदा आणे' हा बागायतदारांचा शब्दही असाच. सोळा आण्यांपैकी चौदा, म्हणजे फळ झाडावर जवळजवळ पूर्ण वाढलेलं. पण १९५७ साली दशमान नाणी आली आणि आणे मागे पडले. पंचविशीतल्या ग्राहकाला हा हिशोब कळत नाही आणि कळलं नाही हे तो सांगतही नाही. ग्राहकाशी बोलताना तीनच अवस्था ठेवा: 'कच्चा, साधारण आठवड्याने खाता येईल', 'रंग धरलेला, तीन-चार दिवस ठेवा', 'आजच खा'.

'डझन' आणि 'पेटी' यांनाही आकडा जोडा. अडीचशे ग्रॅमचं फळ धरलं तर एक डझन म्हणजे तीन किलो आणि पाच डझनांची पेटी म्हणजे पंधरा किलो. नुसतं 'मोठा आंबा' म्हटलं की ग्राहकाच्या डोळ्यांपुढे साडेतीनशे ग्रॅम उभं राहतं. फळ पिकताना पाणी उडून वजन थोडं घटतं, हेही त्याच पानावर लिहा. 'पाठवतानाचं वजन' हे शब्द बिलावर आणि बोलण्यातही आले पाहिजेत.

'देवगड', 'रत्नागिरी' आणि नुसता 'हापूस' हे शब्द ज्याला जे सुचेल तसे वापरू देऊ नका. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे येतात. फळ ज्या तालुक्यातून आलं त्याचंच नाव घ्यायचं. राजापूरचा माल 'देवगड' म्हणून विकू नका आणि कर्नाटकातून आलेल्या फळाला हापूस म्हणून खपवू नका. टीममधला एक जण हे करत असेल आणि दुसऱ्याला ते ठाऊक असेल, तर त्या टीमला बोलण्याचं शिक्षण देऊन काहीही साधणार नाही. खोटं लपवायला माणसं एकमेकांशी बोलणं कमी करतात.

'नैसर्गिक पिकवलेला' याचाही नेमका अर्थ लिहा: पेंढ्यात आढी घालून पिकवला, की इथिलीनच्या खोलीत? कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायूला ठरावीक मर्यादेत परवानगी आहे. ग्राहक दोन्हींना 'पावडर' म्हणतो. फोनवरच्या माणसाला हा फरक दोन वाक्यांत सांगता आला पाहिजे, आणि आपण काय करतो ते एका वाक्यात.

कोकमच्या पानांवर तीन नावं हवीत. आमसूल म्हणजे वाळवलेली सालं, आमटीत घालतात ती. आगळ म्हणजे मीठ घातलेला रातांब्याचा (कोकमच्या फळाचा) रस, सोलकढीसाठी. सरबताचा पाक साखरेचा. बाहेरगावच्या ग्राहकाला दोन बाटल्यांत लाल रंगच दिसतो. आगळ पाण्यात घालून पाहुण्यांना दिलं गेलं की तक्रार ठरलेली. तेव्हा 'कोकम हवंय' असं कुणी म्हणालं की उलट प्रश्न ठरवून ठेवा: 'सोलकढीला की सरबताला?' एवढ्या एका प्रश्नाने या तक्रारी टळतात.

काजूत डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० हे आकडे म्हणजे एका पौंडात, ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती गर बसतात. आकडा लहान तितका काजू मोठा. नव्या मुलांना उलटंच वाटतं. तीनशेवीस म्हणजे भारी, असं सांगून मोकळी होतात. दोन्ही प्रतींची पाकिटं फोडून, शंभर-शंभर ग्रॅम तोलून गर मोजायला लावा. हाताने मोजलेलं विसरत नाही.

वही कुणाची खासगी नाही. ती काउंटरवर दोरीला बांधलेली असावी. नवा शब्द अडला की ज्याला अडला त्यानेच नवं पान सुरू करायचं, मग तो टेम्पोवाला का असेना.

३. ऐकण्याचा सराव

विक्री शिकवायची म्हटलं की माणसं बोलण्याचाच सराव करतात. ऐकण्याचा आधी करा. दोघं समोरासमोर बसवा. एक जण तीन मिनिटं ग्राहक म्हणून आपली गरज सांगेल: आई गुडघेदुखीने जिना उतरत नाही, मुलगा सोमवारी परदेशी परततोय, मागच्या वेळी चार फळं खराब निघाली. दुसऱ्याने मध्ये काही बोलायचं नाही, भाव सांगायचा नाही, लिहून घेतलं तरी चालेल. तीन मिनिटांनंतर त्याने ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं आणि शेवटी विचारायचं, 'बरोबर समजलं ना?'

पहिल्या फेरीत बहुतेक जण मालाच्या गोष्टी परत सांगतात, माणसाच्या विसरतात. चार डझन लक्षात राहतं, मुलगा सोमवारी निघतोय हे राहत नाही. आणि ऑर्डरचा कणा तर सोमवार आहे: शनिवारपर्यंत खायला तयार फळ हवं, नाहीतर उपयोग नाही. दुसऱ्या फेरीत 'कशासाठी हवं आणि कधीपर्यंत' हे दोन प्रश्न आधी विचारायला लावा. 'किती' नंतर.

जोड्या बदला. फोनवालीची जोडी पॅकिंगवाल्याशी लावा, दोन फोनवाल्या एकत्र बसवू नका. पॅकिंगवाल्याने ग्राहकाचं म्हणणं एकदा स्वतःच्या कानांनी ऐकलं की पेटीवर चिठ्ठी चिकटवताना त्याचा हात थांबतो.

४. ऑर्डर परत वाचून दाखवणं

प्रत्येक ऑर्डर संपताना सात गोष्टी ठरलेल्या क्रमाने परत वाचायच्या. क्रम बदलायचा नाही, कारण क्रम ठरला की गाळलेली गोष्ट आपोआप खटकते.

नाव आणि फोन क्रमांक, पत्ता आणि जवळची खूण, वस्तू आणि अवस्था (कच्चा, रंग धरलेला, आजचा), नग आणि वजन, निघण्याचा वार-तारीख, पोहोचण्याचा वार-तारीख, पैसे किती आले, किती बाकी.

हाच क्रम कागदी चिठ्ठीवर छापून घ्या. व्हॉट्सॲप बिझनेसवर तो झटपट उत्तर म्हणून साठवता येतो. फोनवरची ऑर्डर झाली की तीच सात ओळींची नोंद ग्राहकाला पाठवा आणि तीच पॅकिंगच्या ग्रुपवर टाका. दोन वेगवेगळे मजकूर लिहायला लागले की तफावत आलीच.

आतल्या बोलण्याचा नियमही इथेच घाला. पॅकिंगवाल्याने नुसता अंगठा दाखवायचा नाही. त्याने वस्तू, अवस्था आणि निघण्याची तारीख परत लिहायची. हे कंटाळवाणं वाटेल आणि दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी 'एवढं कशाला' म्हणेल. सोडू नका. अंगठ्याचा अर्थ पाहिलं असाही होतो, करतो असाही आणि झालं असाही.

पैशांबद्दल एक सक्त सूचना. ग्राहकाने पाठवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे आले असं धरायचं नाही. खात्यात जमा दिसलं की मगच 'पैसे आले' हे शब्द उच्चारायचे. पैसे परत करतानाही ग्राहकाला कुठला कोड स्कॅन करायला किंवा पिन टाकायला सांगायचं नाही. पैसे मिळायला पिन लागतच नाही. टीमला हे नीट ठाऊक असलं की ती स्वतः फसत नाही आणि ग्राहकालाही सावध करू शकते.

आणि रेंज. किनाऱ्यालगतच्या गावांत बोलता बोलता फोन तुटतो. कुणी कुणाला परत फोन करायचा हे ठरलेलं नसेल तर दोघंही करत बसतात आणि दोघांनाही लाइन बिझी मिळते. ठरवून टाका: परत फोन आपणच करायचा, पाच मिनिटांच्या आत. नाही लागला तर 'आपलं इथपर्यंत बोलणं झालं' असा मेसेज टाकायचा.

५. वाईट बातमी आधी सांगणं

मे महिन्यात मुंबई-गोवा महामार्ग सुट्टीच्या गर्दीने तुंबतो. अवकाळी पाऊस येतो, काढणी थांबते. उशीर होणारच. तो ग्राहकाला कुणाकडून आणि कधी कळतो, यावर पुढच्या वर्षीची ऑर्डर ठरते.

नियम असा ठेवा: उशीर कळल्यापासून एका तासात फोन, ग्राहकाने विचारण्याआधी. वाक्यं तीनच: काय झालं, नवी तारीख कोणती, आणि त्याला न पटल्यास काय करता येईल. उदाहरणार्थ:

'नमस्कार वहिनी, कुडाळहून बोलतेय. काल दुपारी पाऊस झाला म्हणून तुमच्या पेटीचा आंबा काढता आला नाही. पेटी आता शुक्रवारी, सतरा तारखेला निघेल आणि शनिवारी अठराला तुमच्याकडे येईल. तुमचं हळदीकुंकू शुक्रवारी आहे हे माझ्याकडे लिहिलंय, तेव्हा पैसे परत हवे असतील तर आजच पाठवते.'

शेवटच्या वाक्यातलं हळदीकुंकू तिसऱ्या पायरीवर ऐकलं म्हणून इथे आलं. 'बघतो', 'करतो काहीतरी', 'होईल हो', ही तीन उत्तरं वहीत लाल शाईने लिहून बंद करा. माणसं ती प्रेमाने म्हणतात, नाही म्हणायचा संकोच असतो. पण ऐकणारा त्यांचा अर्थ 'हो' असा घेतो.

आतल्या आतही हेच लागू. गाडीवाल्याला उशीर दिसला की त्याने थेट फोनवालीला कळवायचं. मालकाला आधी आणि तिला नंतर, असं नाही. मालक बागेत असतो, त्याचा फोन लागत नाही, आणि तो एक तास तिथेच बुडतो.

६. बोली लपवायला लावू नका

काही ठिकाणी मुलांना 'शुद्ध बोला' म्हणून दटावतात. त्याने मुलं अडखळतात आणि ग्राहकाला वाटतं, हा काहीतरी लपवतोय. सिंधुदुर्गातल्या मुलीची मालवणी, रत्नागिरीकडच्या मुलाची संगमेश्वरी ऐकून मुंबईतला चाकरमानी खुलतो. त्याच्याशी खुशाल तसंच बोला. अडचण अर्थाच्या शब्दांपुरती आहे. 'फाल्या गावतला' (उद्या मिळेल) हे मालवणात स्पष्ट आहे, नागपूरच्या ग्राहकाला नाही. म्हणून सूर आपला ठेवा, पण दिवस, आकडा, वस्तू आणि पैसे या चार गोष्टी प्रमाण मराठीत किंवा ग्राहक हिंदी बोलत असेल तर हिंदीत सांगा. हिंदीत आकडे सांगताना मराठी माणूस चुकतो: पंचेचाळीसचं पैंतालीस झालं पाहिजे. दहा मिनिटं नुसते आकडे म्हणून घ्या, एकतीस ते नव्याण्णव.

संबोधनाचं साधं ठेवा. अनोळखी ग्राहकाला 'तुम्ही' आणि आडनावापुढे साहेब किंवा मॅडम. काका, वहिनी, ताई हे ओळख झाल्यावर, किंवा समोरच्याने तसा सूर लावल्यावर. तिशीतल्या बाईला पहिल्याच फोनवर 'काकू' म्हटलं तर पुढचं सगळं बोलणं वाया जातं.

७. तक्रारीचा फोन: तिघांची तालीम

पाचवी बैठक पूर्ण यासाठी ठेवा. एक ग्राहक, एक विक्रेता, एक पाहणारा. चार मिनिटं फोन, तीन मिनिटं चर्चा, मग जागा बदला. प्रत्येक जण तिन्ही जागांवर बसला पाहिजे, मालकसुद्धा.

तालमीला साक्याची तक्रार घ्या, कारण ती सगळ्यात अवघड. हापूस बाहेरून निर्दोष दिसतो आणि कापल्यावर आत पांढुरका, स्पंजासारखा, आंबट गर निघतो. बाहेरून बघून तो ओळखता येत नाही. फळ झाडावर जास्त पक्व होऊ दिलं की, आणि तापलेल्या जमिनीची धग लागली की, हे प्रमाण वाढतं. चौदा आण्यांना काढण्यामागचं एक कारण तेच. ही माहिती विक्रेत्याला हवीच, पण ती आधी सांगायची नाही. ग्राहक रागात असताना शास्त्र सांगितलं की त्याला ती सबब वाटते.

क्रम असा: त्याचं पूर्ण ऐका. किती फळं आणि कुठल्या पेटीतली ते परत सांगा. वाईट वाटलं हे साध्या शब्दांत म्हणा. कापलेल्या फळाचा फोटो मागा, पण 'पुरावा' हा शब्द तोंडातून काढू नका. काय देणार ते लगेच सांगा: तेवढ्या फळांचे पैसे, किंवा पुढच्या पेटीत तेवढी फळं. आणि मग त्याने विचारलं तर साका म्हणजे काय ते सांगा. किती रकमेपर्यंत विक्रेत्याने स्वतः निर्णय घ्यायचा हे आधीच ठरवून द्या. 'साहेबांना विचारून सांगतो' असं तीनदा ऐकलेला ग्राहक १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे वळला तर नवल नाही.

सगळ्याच तक्रारी खऱ्या नसतात, काही गैरसमज असतात. साल सुरकुतली म्हणजे फळ खराब नाही. कच्चं फळ लगेच फ्रिजमध्ये ठेवलं तर ते पिकायचं थांबतं. त्यामुळे 'तुम्ही कुठे ठेवलं होतं?' हा प्रश्न विचारावा लागतो. तो आरोपासारखा न वाटता कसा विचारायचा, याची तालीम वेगळी करा. 'पेटी आल्यावर पहिल्यांदा कुठे ठेवली होती ते सांगाल का, म्हणजे उरलेल्यांचं काय करायचं ते मला सांगता येईल,' असं म्हटलं की ग्राहक आपल्या बाजूला येऊन बसतो.

तालमीनंतर बोलण्याचा क्रमही पाळा. आधी विक्रेत्याने स्वतः सांगायचं, कुठे बरं झालं आणि कुठे अडलं. मग ग्राहकाने, त्याला कसं वाटलं. शेवटी पाहणाऱ्याने, आणि त्याने विशेषणं वापरायची नाहीत. 'तू उर्मट बोललास' असं नको. 'दुसऱ्या मिनिटाला तू म्हणालास, असं कधी होत नाही आमच्याकडे' असं. ऐकलेले शब्द जसेच्या तसे सांगितले की वाद उरत नाही. विशेषण लावलं की माणूस स्वतःला वाचवू लागतो.

८. रोजची दहा मिनिटं

हंगाम सुरू झाला की बैठकांना वेळ नसतो. सकाळी दुकान उघडताना दहा मिनिटं सगळे कॅलेंडरपुढे उभे राहा. बसायचं नाही, बसलं की चहा येतो आणि अर्धा तास जातो. प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगायच्या: आज काय निघतंय, कुठे अडतंय, काल ग्राहकाकडून नवं काय कळलं. तिसरी गोष्ट सगळ्यात मोलाची. एकीला काल कळलेलं असतं की ठाण्यातल्या एका सोसायटीत दुपारी दोन ते चार डिलिव्हरी आत सोडत नाहीत. ते तिने सांगितलं तर सगळ्यांच्या पेट्या वाचतात.

आठवड्यातून एकदा दोन रेकॉर्ड केलेले फोन एकत्र ऐका, एक चांगला आणि एक फसलेला. रेकॉर्डिंग होतंय हे ग्राहकाला फोनच्या सुरुवातीला सांगायचंच. फसलेला फोन ज्याचा, त्याची आधी परवानगी घ्या, आणि महिन्यातून एकदा तो मालकाचाही असू द्या.

९. कमिशनने हे सगळं मोडू नये

एवढं करून टीम का फुटते याचं कारण बहुधा पैशांत सापडतं. 'ज्याची ऑर्डर त्याचं कमिशन' असं ठेवलं की प्रत्येक जण आपले ग्राहक आपल्या फोनमध्ये लपवतो. सकाळच्या दहा मिनिटांत कुणी काही सांगत नाही. पॅकिंगवाल्याला कमिशनच नसतं, मग त्याने अंगठ्याऐवजी तीन ओळी का लिहाव्यात? आणि जूनमध्ये माणूस गेला की ग्राहकही जातात.

आम्ही सुचवू ते असं: बक्षिसाची निम्मी रक्कम एका सामाईक हंडीत घाला. ती हंगामाअखेरीस सगळ्यांत वाटा, गाडीवाला धरून, आणि ती भरण्याचा हिशोब घेतलेल्या ऑर्डरवर न ठेवता तक्रारीशिवाय पोहोचलेल्या ऑर्डरवर ठेवा. ऑर्डरचे सगळे फोन दुकानाच्याच क्रमांकावरून व्हावेत. एकाने सुरू केलेली आणि दुसऱ्याने पूर्ण केलेली ऑर्डर कुणाची, हे फेब्रुवारीतच कागदावर लिहा. एप्रिलमध्ये ठरवायला बसलात तर भांडण होईल.

जुन्या ग्राहकांना एकगठ्ठा जाहिरातीचे मेसेज पाठवण्याचा मोह होतो. ज्यांनी संमती दिली आहे त्यांनाच पाठवा, आणि 'नको' म्हणणाऱ्याचं नाव त्याच दिवशी यादीतून काढा.

१०. काय मोजायचं

चारच आकडे, दर रविवारी, कॅलेंडरच्या मागच्या बाजूला: किती ऑर्डर गेल्या, किती सांगितलेल्या तारखेला पोहोचल्या, किती उशीर आपण आधी कळवले, आणि पाच ढिगांपैकी कुठल्या ढिगात किती तक्रारी पडल्या. माणसागणिक आकडे लावू नका. तारखेचा ढीग कमी होत नसेल तर गडबड बहुधा गाड्यांच्या वेळापत्रकात असते. वजनाचा ढीग वाढला तर 'पाठवतानाचं वजन' हे शब्द बोलण्यातून गळलेत का ते बघा.

पहिल्या पावसाआधी, मालाच्या शेवटच्या गाड्या गेल्या की हंगामी माणसं घरी जाण्याआधी एक शेवटची बैठक घ्या. वहीतली पानं वाचा, चुकीची खोडा, राहिलेली लिहा. मग वही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा आणि प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. कोकणातल्या जुलैत उघड्यावरच्या कागदाला बुरशी धरते.